‘जस्ट’ आणि आपला ‘च’

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कामाच्या ठिकाणी एका सहकाऱ्याला तुम्ही लिहिलंत, ‘आय डोंट जस्ट अ‍ॅग्री विथ धिस प्लॅन’. तुम्हाला म्हणायचं होतं, ‘मला ही योजना पटतच नाही’. त्याचं उत्तर आलं, ‘छान, मग आणखी काय सुचवता?’ तुम्ही गोंधळून शब्दकोश उघडला, तर ‘जस्ट’समोर न्याय्य, अचूक, फक्त, नुकताच, जेमतेम, अगदी अशी रांगच लागलेली. यातला कोणता अर्थ कुठे घ्यायचा, याला काही नियम आहे का, असं तुम्ही विचारता.

ही रांग पाठ केली तरी तुमची अडचण सुटणार नाही. तुमच्या वाक्यात शब्द बरोबर होता, तो बसला चुकीच्या जागी. मी २२ वर्षं इंग्रजी-मराठी भाषांतर करते आणि मोठेपणी इंग्रजी शिकणाऱ्यांना शिकवते. दोन्हीकडे माझा अनुभव एकच आहे. ‘जस्ट’ दिसला की ‘याचा अर्थ काय’ असं विचारलं की माणूस अडकतो. ‘हा कुणाला चिकटलाय’ असं विचारलं की बहुतेक वेळा अर्थ आपोआप पुढे येतो. बहुतेक वेळा म्हणते, कारण काही वाक्यं अशी असतात की बोलणाऱ्याने कुठे जोर दिला ते ऐकल्याशिवाय निकाल लागत नाही. त्यांच्याकडे पुढे येते.

आधी एवढे अर्थ एका शब्दात जमले कसे ते बघू, कारण ते कळलं की पाठांतराची गरज खूप कमी होते. लॅटिनमध्ये कायदा, हक्क यासाठी जो शब्द होता, त्यावरून ‘कायद्याला धरून असलेला, न्यायी’ असं विशेषण झालं. ते फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलं. न्यायाची कल्पनाच मुळी मोजमापाची आहे: ज्याचं जेवढं तेवढं, कमी नाही, जास्त नाही. त्यामुळे ‘न्याय्य’पासून ‘अचूक, नेमका’ इथवर शब्द सहज पोचला. आपल्या ‘बरोबर’चा प्रवास आठवा. ‘उत्तर बरोबर आहे’ यातला ‘बरोबर’ योग्य-अयोग्य सांगतो, ‘बरोबर पाच वाजता’ यातला नेमकेपणा सांगतो. नेमकं तेवढं म्हटलं की त्यापलीकडचं वगळलं जातं, म्हणून ‘नेमकं एवढं’चं ‘एवढंच’ झालं. ‘फक्त’ हा अर्थ इंग्रजीत सतराव्या शतकात रुळला. संगणकावर मजकूर टंकताना दोन्ही कडा सरळ करण्यासाठी आपण ‘जस्टिफाय’ची कळ दाबतो ना, तोही याच घरातला शब्द. ओळ दोन समासांच्या मध्ये नेमकी बसवणं, हा त्याचा अर्थ.

आता मराठीकडे या. ‘फक्त’, ‘नुकताच’, ‘अगदी’ हे शब्द शब्दकोशात सुटे-सुटे दिसतात म्हणून ते एकमेकांपासून लांबचे वाटतात. पण आपल्याकडे एक अक्षर आहे, जे ही जवळजवळ सगळी कामं एकटं करतं, आणि त्याचा आपण कधी विचारही करत नाही. ते अक्षर म्हणजे ‘च’. ‘दोनच’ म्हणजे जस्ट टू. ‘आत्ताच’ म्हणजे जस्ट नाऊ. ‘तसाच’ म्हणजे जस्ट लाइक दॅट. ‘मला कळतच नाही’ म्हणजे आय जस्ट डोंट अंडरस्टँड. पहिल्यात ‘च’ संख्या आवळतो, दुसऱ्यात वेळ आवळतो, तिसऱ्यात साम्य नेमकं करतो, चौथ्यात नकार पक्का करतो. चार ठिकाणी चार अर्थ आहेत असं आपल्याला वाटतसुद्धा नाही. ‘जस्ट’ ज्यांच्या घरची भाषा आहे त्यांनाही तो असाच एकसंध वाटतो. म्हणून वर्गात मी पहिल्या दिवशी यादी देत नाही. आधी ‘च’ लावून बघा, म्हणते. निम्म्याहून जास्त वाक्यं तिथेच सुटतात.

फरक एकच, पण तोच तुम्हाला नडला. आपला ‘च’ शब्दाच्या मागे चिकटतो, अगदी एकाच शिरोरेषेखाली. तो कुणाचा आहे याबद्दल शंका राहत नाही. इंग्रजीतला ‘जस्ट’ सुटा उभा राहतो आणि आपल्या पुढच्या शब्दांवर लागू होतो. ‘च’ मागे बघतो, ‘जस्ट’ पुढे बघतो. हे डोक्यात ठेवून तुमचं वाक्य वाचा. ‘आय डोंट जस्ट अ‍ॅग्री’ यात ‘जस्ट’च्या पुढे आहे ‘अ‍ॅग्री’. म्हणजे ‘नुसतं सहमत होणं’. आणि नकार आहे त्या ‘नुसतं’वर. एकूण अर्थ, ‘मी नुसता सहमत नाही, त्याहून जास्त काही आहे’. तुमच्या सहकाऱ्याने ‘आणखी काय’ विचारलं ते अगदी योग्य होतं. तुम्हाला हवं होतं ‘आय जस्ट डोंट अ‍ॅग्री’. इथे ‘जस्ट’च्या पुढे ‘डोंट अ‍ॅग्री’ हा अख्खा नकार येतो, म्हणून नकारच घट्ट होतो: पटतच नाही. दोन शब्दांची अदलाबदल झाली आणि विरोधाचा पाठिंबा झाला. ही चूक फार जण करतात आणि ती कुणी दाखवून देत नाही, कारण व्याकरणाने दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत.

‘नॉट जस्ट’ आणि ‘जस्ट नॉट’ ही जोडी म्हणूनच वेगळी लक्षात ठेवावी. ‘इट इज नॉट जस्ट डिफिकल्ट’ म्हटलं की ऐकणारा पुढच्या भागाची वाट पाहतो: नुसतं अवघड नाही, तर अशक्य आहे, किंवा धोक्याचं आहे. ‘इट इज जस्ट नॉट पॉसिबल’ म्हटलं की विषय संपला: हे शक्यच नाही.

आता जोराच्या वाक्यांबद्दल. ‘आय जस्ट सॉ टू पीपल’ हे वाक्य घ्या. ‘जस्ट’ क्रियापदाच्या आधी बसला आहे. बोलताना इंग्रजी माणूस त्याला बहुधा तिथेच बसवतो, मग तो खरा कुणाचाही असो. त्यामुळे इथे तीन अर्थ निघतात: मला नुकतीच दोन माणसं दिसली, मला दोनच माणसं दिसली, मी दोघांना नुसतं पाहिलं, बोलले नाही. बोलताना ‘टू’वर जोर पडला तर दुसरा अर्थ, ‘सॉ’वर पडला तर तिसरा, कशावरच विशेष जोर नसला तर बहुधा पहिला. लिहिताना जोर दाखवता येत नाही. म्हणून लिहिताना ‘जस्ट’ ज्या शब्दाचा आहे त्याच्या शेजारी नेऊन ठेवा: ‘आय सॉ जस्ट टू पीपल’. हे शैलीचं बारीक कलाकुसरीचं काम वाटेल, पण करारात किंवा जबाबात असं वाक्य आलं की याच जागेवर बरंच काही अवलंबून असतं. मूळ मजकुरात अशी संदिग्धता दिसली तर मी स्वतः अर्थ ठरवत नाही, लिहिणाऱ्याला विचारते.

वेळेच्या ‘जस्ट’बद्दल आपल्याला एक वेगळीच अडचण आहे. मराठी बोलण्यात हा शब्द आता मुरला आहे. ‘मी जस्ट पोचलोय’, ‘जस्ट निघतेय’ असं आपण सर्रास बोलतो. पण उसना घेताना आपण प्रामुख्याने हाच एक अर्थ घेतला. त्यामुळे इंग्रजी वाचताना डोक्यात आधी ‘आत्ता’ येतं, आणि बाकीचे अर्थ मागे पडतात. वेळेचा अर्थ असेल तेव्हा क्रियापदाचा काळ बघा, तो बाजू सांगतो. ‘द ट्रेन हॅज जस्ट लेफ्ट’, गाडी नुकतीच गेली. ‘द ट्रेन इज जस्ट लीव्हिंग’, गाडी या क्षणी सुटते आहे. ‘द ट्रेन वॉज जस्ट अबाउट टू लीव्ह’, गाडी सुटण्याच्या बेतात होती. पहिल्या वाक्याबद्दल एक विचारणा नेहमी येते: ‘द ट्रेन जस्ट लेफ्ट’ चूक आहे का? अमेरिकेत साधा भूतकाळ सर्रास चालतो, ब्रिटिश वळणात ‘हॅज जस्ट लेफ्ट’ जास्त रूढ. दोन्ही शुद्ध आहेत. ज्यांना लिहिताय त्यांचं वळण धरा, एवढंच. ‘जस्ट नाऊ’ मात्र जपून. ‘आय सॉ हिम जस्ट नाऊ’ म्हणजे थोड्या वेळापूर्वी दिसला, ‘आय अ‍ॅम बिझी जस्ट नाऊ’ म्हणजे सध्या कामात आहे, आणि दक्षिण आफ्रिकेच्या इंग्रजीत ‘आय विल डू इट जस्ट नाऊ’ म्हणजे करते थोड्या वेळाने, लगेच नव्हे. तिथल्या माणसाशी काम करताना वेळ आकड्यात विचारून घ्यावी.

माझा सगळ्यात जास्त वेळ जातो तो ‘फक्त’ या अर्थाच्या ‘जस्ट’वर. शब्दकोश ‘फक्त’ म्हणून मोकळा होतो, पण मराठीत त्या एका जागेसाठी आपल्याकडे फक्त, केवळ, नुसता आणि ‘च’ असे किमान चार पर्याय आहेत, आणि त्यांची मनं वेगळी आहेत. ‘फक्त’ मोजतो. ‘केवळ’ही मोजतो, पण लेखी, जरा भारदस्त आवाजात. ‘नुसता’ मोजत नाही, तो किंमत करतो, आणि बहुतेकदा कमीच करतो: नुसती बडबड, नुसता दिखावा. ‘ही इज जस्ट अ चाइल्ड’ या वाक्याचं एका विद्यार्थ्याने ‘तो नुसता मुलगा आहे’ असं भाषांतर केलं होतं. व्याकरणाने त्यात काही चूक नाही, पण वाक्यातली माया गेली. मूळ वाक्य बहुधा कुणीतरी त्या मुलाची बाजू घेताना म्हणतं. मराठीत तो माणूस म्हणेल, ‘लहानच आहे हो तो अजून’. याउलट ‘ही इज जस्ट अ क्लार्क’ हे कुणी तुच्छतेने म्हटलं असेल तर ‘नुसता कारकून’ बरोबर, आणि अडचण समजावून सांगण्यासाठी म्हटलं असेल, म्हणजे त्याच्या हातात निर्णय नाही अशा अर्थाने, तर ‘तो काय, साधा कारकून आहे’. वाक्य तेच. कोण म्हणतंय, कुणाबद्दल आणि कोणत्या मनाने, हे कळल्याशिवाय इथे शब्द निवडता येत नाही. कुठलाही नियम ही जबाबदारी आपल्यावरून काढून घेत नाही, आणि मला वाटतं ती आपल्यावरच असावी.

याच कुळातला आणखी एक आहे. ‘यू कान्ट जस्ट वॉक इन’. इथे ‘फक्त’ लावून बघा, ‘तुम्ही फक्त आत जाऊ शकत नाही’, वाक्य मोडतं. मराठी माणूस म्हणतो, ‘असं सरळ आत शिरता येत नाही’. मधले टप्पे, परवानगी, विचारपूस हे सगळं वगळून नुसती ती एकच कृती करणं, असा त्या ‘जस्ट’चा भाव आहे, आणि त्यासाठी आपल्याकडे ‘सरळ’, ‘थेट’, ‘उठून’, ‘खुशाल’ आहेत. तसंच ‘व्हाय डिड यू कॉल?’ याला ‘जस्ट लाइक दॅट’ असं उत्तर आलं तर तिथे ‘तसंच’ किंवा ‘त्याप्रमाणे’ चालणार नाही. तिथे हवा ‘सहज’. इतका नेमका शब्द हाताशी असताना तो वापरायचा राहतो, याचं मला वाईट वाटतं.

आकड्यांजवळ ‘जस्ट’ आला की घाई करू नका. ‘जस्ट फिफ्टी’ म्हणजे पन्नासच. ‘जस्ट ओव्हर फिफ्टी’ म्हणजे पन्नासहून किंचित जास्त, ‘जस्ट अंडर फिफ्टी’ म्हणजे पन्नासला थोडे कमी. इथे ‘जस्ट’ पन्नासला चिकटलेला नाही, ‘ओव्हर’ला आणि ‘अंडर’ला चिकटला आहे. अंतर किती, तर अगदी थोडं, असं तो सांगतो. तांत्रिक मजकुरात याचं ‘फक्त पन्नासच्या वर’ असं झालेलं मी अनेकदा दुरुस्त केलं आहे, आणि त्याने अर्थ खरोखर बदलतो. ‘ओन्ली जस्ट’ म्हणजे जेमतेम, कसंबसं: ‘वी ओन्ली जस्ट मेड इट’, आम्ही कसेबसे पोचलो. ‘जस्ट अबाउट’ दुहेरी आहे. ‘जस्ट अबाउट एव्हरीवन’ म्हणजे जवळजवळ सगळेच. ‘आय कॅन जस्ट अबाउट सी इट’ म्हणजे मला ते जेमतेम दिसतं. त्याच्यापुढे ‘सगळे’, ‘काहीही’, ‘पूर्ण’ असा शब्द असेल तर जवळजवळ. ‘कॅन’ किंवा जमण्या-न जमण्याची गोष्ट असेल तर जेमतेम.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर, आधी ‘जस्ट’च्या पुढे काय आहे ते बघायचं, नकार त्याच्या आधी आहे की नंतर ते बघायचं, वेळेचा अर्थ असेल तर काळ बघायचा, आणि मग मराठीत ‘च’ लावून बघायचा. तो बसला नाही तरच बाकीचे शब्द.

यात न बसणारा एक ‘जस्ट’ उरतो, आणि कामाच्या पत्रांत तोच सगळ्यात जास्त भेटतो. ‘जस्ट अ मिनिट’, ‘आय जस्ट वॉन्टेड टू आस्क’, ‘कॅन यू जस्ट चेक धिस’. हा आपला ‘जरा’ आहे. ‘जरा एक मिनिट’, ‘जरा विचारायचं होतं’, ‘जरा बघता का’. ‘वॉन्टेड’मधला भूतकाळ आणि आपल्या ‘विचारायचं होतं’मधला भूतकाळ, दोन्हीकडे विनंती एक पाऊल मागे सरकते. आवाज बदलला की ‘जस्ट अ मिनिट!’ हा आक्षेप होतो, आणि आपलं ‘एक मिनिट!’सुद्धा तसंच होतं. इतकं सारखं असल्यामुळे हा अर्थ आपल्याला शिकवावा लागत नाही.

शिकवावा लागतो त्याचा परिणाम. हा ‘जस्ट’ गोष्ट लहान करतो. स्वतःची विनंती लहान केली तर ती नम्रता. दुसऱ्याचं काम लहान केलं तर? पूर्वी एकदा मी एका मांडणीकाराला लिहिलं होतं, ‘कॅन यू जस्ट चेंज द फाँट थ्रूआउट’. मला वाटलं, मी सौम्यपणे विचारलं. त्याच्या दृष्टीने ते तीन दिवसांचं काम होतं, कारण अक्षरं बदलली की प्रत्येक पान नव्याने जुळवावं लागणार होतं. त्याने काम केलं, पण पुढची कितीतरी पत्रं कोरडी आली. कारण कळल्यावर मी माफी मागितली. तेव्हापासून माझा रिवाज असा: समोरच्याला किती वेळ लागेल हे मला माहीत नसेल तर त्याच्या क्रियापदाआधी मी ‘जस्ट’ लिहीत नाही. ‘कुड यू’ आणि ‘प्लीज’ पुरतात. स्वतःच्या पत्रातही तो मोजून वापरावा. पैसे थकले असताना ‘जस्ट अ रिमाइंडर’ पहिल्या पत्रात शोभतं. तिसऱ्या पत्रात ते लिहिलं तर आपणच आपली मागणी हलकी करतो.

‘न्याय्य’ या मूळ अर्थाबद्दल फार लिहीत नाही, कारण तो ओळखायला सोपा आहे. ‘अ जस्ट डिसिजन’, म्हणजे नामाच्या आधी विशेषण म्हणून; किंवा ‘द डिसिजन इज जस्ट’, म्हणजे वाक्य तिथेच संपलं. वाक्य पुढे गेलं, ‘द डिसिजन इज जस्ट अ बिगिनिंग’, की तो पुन्हा आपला नेहमीचा: ही तर नुसती सुरुवात आहे. शंका आली तर ‘मोअर’ लावून बघा. ‘मोअर जस्ट’ म्हणता आलं तर न्याय्य. अमेरिकेच्या संविधानाच्या पाचव्या दुरुस्तीत, म्हणजे १७९१ पासून, सार्वजनिक कामासाठी खासगी मालमत्ता घेतल्यास ‘जस्ट कॉम्पेन्सेशन’ द्यावं असं आहे. तिथे ‘फक्त भरपाई’ असं कुणी केलं तर माणसाचा हक्कच पुसला जाईल. एक वाक्प्रचार मात्र जपा. ‘जस्ट डिझर्ट्स’ म्हणजे केल्या कर्माचं फळ. यातला दुसरा शब्द ‘डिझर्व्ह’च्या घरातला आहे, त्याच्या मधोमध ‘एस’ एकच. जेवणानंतरच्या गोडाच्या शब्दात दोन असतात. उच्चार सारखा असल्याने लिहिताना हमखास घोटाळा होतो.

ऐकण्याबद्दलही थोडं, कारण पुष्कळांना हा शब्द ऐकूच येत नाही. क्रियाविशेषण म्हणून आलेला ‘जस्ट’ बोलताना आखडतो, आणि पुढे व्यंजन असेल तर शेवटचा ‘ट’ बहुधा गळून पडतो. ‘जस्ट नाऊ’ कानाला ‘जस्नाऊ’सारखं लागतं. न्याय्य या अर्थाचा ‘जस्ट’ मात्र पूर्ण, ठळक उच्चारला जातो. म्हणजे ऐकणाऱ्याला कधीकधी उच्चारच अर्थ सांगून जातो.

आता तुमच्या त्या सहकाऱ्याचं. त्याला अजून वाटतंय की योजना तुम्हाला मान्य आहे, तेव्हा आजच लिहा. पण ‘आय जस्ट डोंट अ‍ॅग्री’ असं दुरुस्त करून पाठवू नका, असं मी सुचवेन. ते शुद्ध आहे, पण ‘पटतच नाही’ म्हटल्यावर मराठीत जसं बोलणं खुंटतं तसं तिथेही खुंटतं. माझं मागचं वाक्य उलट अर्थाचं झालं, असं एका ओळीत स्पष्ट सांगा. मग ‘आय डोंट अ‍ॅग्री विथ धिस प्लॅन’ एवढंच लिहा, ‘जस्ट’ न घालता, आणि त्याखाली लगेच तुमचं कारण.